भेगेवरचं स्टेडियम : बर्कलीच्या मैदानाचं प्रकरण

२०१० पर्यंत बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियमच्या दक्षिण टोकाला, सगळ्यात वरच्या कठड्यापाशी एक जागा होती. तिथे गेलं की काही वाचायची गरज उरत नसे. भिंतीतला एक जोड तिथे उघडा पडलेला होता. १९२३ साली एका रेषेत ओतलेले काँक्रीटचे दोन भाग एकमेकांपासून सरकले होते, आणि मधल्या फटीत बोटं सहज जात. बांधकामात खोट नव्हती, पायाही खचला नव्हता. स्टेडियमच्या पश्चिमेकडची जमीन उत्तरेला चालली होती आणि पूर्वेकडची मागे राहत होती, एवढंच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या या स्टेडियमखालून हेवर्ड फॉल्ट जातो. फॉल्ट म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला प्रस्तरभंग, जमिनीच्या दोन तुकड्यांमधली भेग. इथे तो मैदानाच्या जवळजवळ एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत लांबीने गेलेला आहे. भूकंप नसतानाही तो वर्षाला चार-पाच मिलिमीटर सरकत राहतो. नखं वाढतात त्याहून कितीतरी हळू, पण अखंड. हे झालं रोजचं सरकणं. मोठा भूकंप झाला, तर तीच जमीन काही सेकंदांत काही फूट सरकू शकते.

अशा ठिकाणी साठ-सत्तर हजार माणसं बसवणारी वास्तू कुणी का बांधावी? आणि भेग सगळ्यांना ठाऊक झाल्यावर, नव्वदेक वर्षांनी कोट्यवधी डॉलर कर्ज काढून तिथेच पुन्हा का बांधावी? हे प्रकरण मी अनेकदा उलगडून पाहिलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘तेव्हा ठाऊक नव्हतं’ असं दिलं जातं. ते मला पटत नाही.

ठाऊक होतं

विद्यापीठाची सनद २३ मार्च १८६८ची. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला याच हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झाला आणि सुमारे ३० माणसं गेली. १९०६चा सॅन फ्रान्सिस्कोचा महाभूकंप होईपर्यंत त्या भागातले लोक ‘मोठा भूकंप’ म्हणत ते या १८६८च्या भूकंपाला. विद्यापीठ आणि ही आपत्ती एकाच वर्षातली.

१९०६नंतर राज्याने चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते अँड्र्यू लॉसन, बर्कलीतलेच भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. सॅन अँड्रियास फॉल्टला नाव देणारे ते हेच. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या या आयोगाच्या अहवालात १८६८च्या भूकंपाची आणि हेवर्ड फॉल्टची नोंद आहे. म्हणजे स्टेडियमची जागा ठरली तेव्हा ही माहिती त्याच आवारात, काही मिनिटांच्या अंतरावर उपलब्ध होती. भूकंपाविना होणारं संथ सरकणं तेव्हा कुणी मोजलेलं नव्हतं, हे खरं. पण ही भेग हलते आणि माणसं मारते, हे लिहून ठेवलेलं होतं.

मग जागा तीच का? कारणं साधी आणि माणसांची होती.

इथला फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या तालमींचा नव्हे, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ. १९०६ साली तो फार हिंसक म्हणून बर्कली आणि स्टॅनफर्ड या दोन्ही विद्यापीठांनी सोडला होता आणि त्याऐवजी रग्बी धरलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फुटबॉल परतला, तो जोरात. अँडी स्मिथ या प्रशिक्षकाच्या हाताखाली बर्कलीचा संघ १९२० ते १९२४ या पाच हंगामांत एकही सामना हरला नाही. जुनं मैदान अपुरं पडू लागलं. त्यात १९२१ साली स्टॅनफर्डने आपलं प्रचंड स्टेडियम उभं केलं. बर्कलीने तिथे जाऊन पहिल्याच सामन्यात त्यांना ४२–७ असं धुतलं खरं, पण तो सामना खेळला प्रतिस्पर्ध्याच्या नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये. हे शल्य किती खोल असतं, ते ज्यांच्या गावात दोन तालमी आहेत त्यांना सांगायला नको.

वर्गणी निघाली. माजी विद्यार्थी आणि नागरिक यांनी पैसे दिले, मोबदल्यात त्यांना आसनांचा हक्क मिळाला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅलिफोर्नियाकरांचं स्मारक म्हणून हे स्टेडियम उभारायचं ठरलं, म्हणूनच नावात ‘मेमोरियल’. आधी विचार होता शहराच्या बाजूच्या जागेचा. तिथे रोमच्या कोलोसियमसारखी चारी बाजूंनी उभी वास्तू करता आली असती, पण खासगी जमीन विकत घ्यावी लागली असती. स्ट्रॉबेरी कॅन्यनच्या तोंडाशी असलेली जागा मात्र विद्यापीठाच्या हातात होती, आणि तिथे अर्धं स्टेडियम डोंगरानेच बांधून दिलं असतं. आसपासच्या रहिवाशांनी आणि त्या दरीवर जीव असलेल्यांनी विरोध केला. तो वाया गेला.

वास्तुरचनाकार जॉन गॅलन हॉवर्ड यांना आपला आराखडा त्या उतारावर बसवावा लागला. पश्चिमेला काँक्रीटची उंच कमानदार भिंत, पूर्वेला डोंगराच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या. डोंगर फोडायला सोन्याच्या खाणीतली पद्धत वापरली. पाण्याचे जोरदार फवारे मारून माती सुटी करायची आणि तीच भरावाला वापरायची. स्ट्रॉबेरी क्रीक हा ओढा खाली मोरीत घातला. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, भिंतीत एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे काँक्रीटला हलता यावं म्हणून सोडलेले जोड, ठेवले. जमीन हलली, तर वास्तू कुठे मोकळी व्हावी याचा विचार तेव्हाही झाला होता. माझ्या मते हाच सगळ्यात बोलका पुरावा आहे. ज्याला धोका ठाऊकच नाही, तो त्याच्यासाठी जागा सोडत नाही.

सुमारे १४ लाख डॉलर खर्च झाला. २४ नोव्हेंबर १९२३ रोजी पहिला सामना स्टॅनफर्डशी झाला. बर्कली ९–० जिंकलं. आत सत्तर हजारांवर प्रेक्षक होते, आणि पूर्वेच्या टेकडीवर फुकट बघणारे हजारो. त्या टेकडीचं नाव पुढे टाइटवॅड हिल पडलं, म्हणजे चिकटूंची टेकडी.

जीव कसा जडला

पुढची चाळीस वर्षं भेगेविषयी फारसं कुणी बोललं नाही. पण या काळात जे घडलं ते सोडून दिलं, तर नंतरचे निर्णय कळणारच नाहीत.

जानेवारी १९२६ मध्ये अँडी स्मिथ न्यूमोनियाने गेले. त्यांची रक्षा विमानातून या मैदानावर विखुरली गेली. आधीच युद्धस्मारक असलेलं मैदान आता एका माणसाचं अखेरचं स्थानही झालं. १९६२ साली विद्यापीठाच्या सनद-दिनी, २३ मार्चला, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी इथे बोलले. मैदानावरसुद्धा खुर्च्या मांडून सुमारे ८८ हजार लोक बसले होते. आणि २० नोव्हेंबर १९८२. स्टॅनफर्ड २०–१९ पुढे, चार सेकंद शिल्लक. शेवटच्या किकवर बर्कलीच्या खेळाडूंनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकला. सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचं बँडपथक मैदानात घुसलेलं. केव्हिन मोएन त्या वाजंत्र्यांतून धावत शेवटच्या रेषेपार गेला आणि एका ट्राँबोनवाल्यावर आदळला. २५–२०. अमेरिकेत नुसतं ‘द प्ले’ म्हटलं तरी लोकांना हा प्रसंग कळतो.

अशा जागेबद्दल ‘पाडा आणि दुसरीकडे बांधा’ म्हणणं सोपं नसतं. मी स्वतः आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस, पण जुन्या वास्तूवरच्या प्रेमाला भाबडेपणा म्हणणं मला जमत नाही. ते प्रेम या प्रकरणातली एक खरी शक्ती आहे, फॉल्टइतकीच.

जमिनीकडे पुन्हा लक्ष गेलं ते साठच्या दशकात. हेवर्ड फॉल्ट भूकंपाविनाही सरकतो, हे तेव्हा ठिकठिकाणी सापडू लागलं. कुठे रेल्वेचे रूळ वाकलेले, कुठे फुटपाथच्या कडेचे दगड रेषेतून सुटलेले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाचा विषयच मुळी स्टेडियमखालची मोरी हा होता. स्ट्रॉबेरी क्रीक ज्या मोरीतून जातो, तिला फॉल्टच्या सरकण्याने तडे गेले होते. वर सामने चालू होते, आणि खाली अंधारात ती मोरी चाळीस वर्षं हिशोब लिहीत होती.

हेवर्ड शहरातला फुटपाथचा असाच एक कोपरा भूगर्भशास्त्रज्ञ कित्येक दशकं फोटो काढून मोजत होते. २०१६ साली पालिकेच्या माणसांनी तो दुरुस्त करून टाकला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कायदा, झाडं आणि एक चुकीची लढाई

१९७१च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर १९७२ साली कॅलिफोर्नियाने आल्क्विस्ट-प्रियोलो कायदा केला. सक्रिय फॉल्टच्या रेषेवर माणसांच्या वापराची नवी इमारत बांधायची नाही. जुनी असेल, तर तिच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्चाचे फेरफार करायचे नाहीत. बर्कलीचं स्टेडियम अर्थातच जुनं होतं. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी वेगळ्या फॉल्टवर लोमा प्रिएटा भूकंप झाला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक स्टेडियम बेसबॉलच्या सामन्यासाठी खच्चून भरलेलं होतं. ते टिकलं. पण ओकलंडमधला दुमजली हमरस्ता कोसळून ४२ जण गेले. भरलेलं स्टेडियम आणि भूकंप ही कल्पना आता कागदावरची राहिली नव्हती. १९९७ साली विद्यापीठाने आपल्या सगळ्या इमारती तपासल्या, तेव्हा या स्टेडियमचा शेरा आला ‘कमकुवत’.

इथे थोडं थांबून एक साधा हिशोब करू. वर्षात सहा-सात सामने, प्रत्येकी चार तास. म्हणजे स्टेडियम भरलेलं असतं ते वर्षाच्या ८,७६० तासांपैकी अठ्ठावीसेक तास, हजारातले तीन. नेमक्या त्याच वेळी मोठा भूकंप होण्याची शक्यता अगदी लहान. पण पश्चिमेच्या पायऱ्यांखाली प्रशिक्षकांची ऑफिसं होती, खेळाडूंच्या खोल्या होत्या, व्यायामशाळा होती. तिथे माणसं रोज होती. खरा धोका होता तो त्यांना, आणि त्यांची चर्चा सगळ्यात कमी झाली.

विद्यापीठाने २००५-०६ मध्ये योजना मांडली, तिचा पहिला टप्पा याच माणसांना बाहेर काढण्याचा होता. पश्चिमेच्या भिंतीबाहेर, फॉल्टच्या रेषेपासून दूर, खेळाडूंसाठी नवं प्रशिक्षण केंद्र. हेतू शुद्ध सुरक्षेचा होता असं नाही. २००२ साली आलेले प्रशिक्षक जेफ टेडफर्ड यांनी रसातळाला गेलेला संघ वर काढला होता आणि ते सोडून जाऊ नयेत म्हणून सुविधा हव्याच होत्या. पण त्या जागी ओकची राई होती. २ डिसेंबर २००६ रोजी, स्टॅनफर्डशी सामना होता त्याच दिवशी, आंदोलक झाडावर चढले आणि २१ महिने उतरले नाहीत. जानेवारी २००७ मध्ये तर सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर वाचवण्याची चळवळ उभी करणाऱ्या सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन वयाच्या नव्वदीत झाडावर चढून बसल्या. त्यांच्यासोबत माजी महापौर शर्ली डीन आणि नगरसेविका बेटी ओल्ड्स होत्या. शहराने, शेजारच्या पॅनोरॅमिक हिलच्या रहिवाशांनी आणि ओक वाचवणाऱ्या संस्थेने कोर्टात दावे केले. निम्म्या किमतीचा नियम लावायचा, तर ‘किंमत’ म्हणजे कुठली, मोडकळीला आलेल्या वास्तूची की तशीच नवी बांधायच्या खर्चाची, यावर वाद रंगला.

त्या तिघींबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही म्हणतो, लढाई चुकीच्या इमारतीशी झाली. पूर्ण योजनेत सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात निकडीचं काम होतं ते हे केंद्रच. पायऱ्यांखालची माणसं आणखी दोन वर्षं तिथेच राहिली. विचारायला हवा होता तो मोठा प्रश्न : फॉल्टवरच्या मुख्य वास्तूवर एवढा पैसा घालायचा का? तो झाडांच्या गोंगाटात हरवला. सप्टेंबर २००८ मध्ये वरच्या कोर्टाने स्थगिती नाकारली, झाडं तोडली गेली आणि ९ तारखेला शेवटचे आंदोलक उतरले.

भेगेला वाट दिली

यानंतरचा भाग इंजिनियरिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने समजून घ्यावा असा आहे.

दोन मार्ग होते. वास्तू इतकी भक्कम करायची की जमीन सरकली तरी ती एकसंध राहील. हे अशक्य होतं. जमिनीचा आख्खा तुकडा चालू लागतो, तेव्हा कुठलंही काँक्रीट त्याला अडवू शकत नाही, ते फाटतंच. दुसरा मार्ग म्हणजे कुठे फाटायचं हे आपणच ठरवून द्यायचं.

फोरेल-एल्सेसर या फर्मच्या इंजिनियरांनी दुसरा मार्ग घेतला. फॉल्ट जिथे स्टेडियमच्या वाटीला उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे छेदतो, तिथले प्रेक्षागाराचे दोन भाग बाकीच्यापासून कापून स्वतंत्र केले. हे दोन ठोकळे जाड काँक्रीटच्या पायावर आहेत, आणि त्या पायाखाली वाळूचे आणि प्लास्टिकच्या चादरींचे थर. जमीन खालून सरकली, तर ठोकळा त्या थरांवर घसरावा, कलावा, पण फुटू नये. बाजूच्या भागांशी टक्कर होऊ नये म्हणून मध्ये फटी सोडल्या. हिशोब धरला तो आडव्या दिशेने सहा फूट आणि उभ्या दिशेने दोन फूट सरकण्याचा.

पश्चिमेची हॉवर्ड यांची कमानदार भिंत वारसा म्हणून जपली. २००६ सालीच स्टेडियमची राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत नोंद झाली होती. पण भिंतीच्या आतलं सगळं पाडलं. एका काळात तिथे नुसती ती जुनी भिंत आणि आत पोकळी असं दृश्य होतं. पत्रकार कक्ष आणि बड्या देणगीदारांची दालनं असलेली वरची इमारत प्रेक्षागाराला न जोडता स्वतःच्या पायावर उभी केली. तिला धक्के शोषणारे डँपर आहेत. मैदान चार फुटांनी खाली घेतलं. पूर्वेचा भाग डोंगराच्या मातीवर टेकलेला असल्याने त्याला फारसा हात लावावा लागला नाही. १९२३ साली स्वस्त म्हणून घेतलेला तो डोंगर इतक्या वर्षांनी असा उपयोगी पडला.

२०१० चा शेवटचा सामना झाल्यावर काम सुरू झालं. २०११ चा हंगाम सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर काढला. १ सप्टेंबर २०१२ रोजी स्टेडियम पुन्हा उघडलं, सुमारे ६३ हजार आसनांचं. नेवाडाविरुद्धचा तो सामना बर्कली हरलं.

पैशाला वाट ठेवली नव्हती

स्टेडियमला ३२ कोटी १० लाख डॉलर लागले. प्रशिक्षण केंद्र धरून ४७ कोटी ४० लाख. त्यातलं सुमारे ४४ कोटी ५० लाख कर्ज. ते फेडायची युक्ती १९२१च्या वर्गणीसारखीच होती, आसनांचा हक्क विकायचा. पश्चिमेच्या सुमारे २,९०० उत्तम जागा ५० वर्षांसाठी, प्रत्येकी ४० हजार ते सव्वादोन लाख डॉलरला. लक्ष्य होतं २७ कोटी २० लाखांचं.

योजना जाहीर झाली जानेवारी २००९ मध्ये, ऐन आर्थिक मंदीत. शिवाय १९२१च्या वर्गणीदारांनी पैसे आधी मोजले होते, इथे तसं नव्हतं. हप्ते भरता येत, आणि नको वाटल्यास मधेच थांबताही येई. म्हणजे कर्ज पक्कं, आणि उत्पन्न संघाच्या खेळावर अवलंबून. स्टेडियम उघडलं त्याच हंगामात संघ तीन जिंकला, नऊ हरला. टेडफर्ड गेले. पुढच्या हंगामात एक विजय आणि अकरा पराभव. आसनांची विक्री लक्ष्याच्या खूप मागे राहिली.

मैदानाचं नावही विकलं गेलं. २०१३ साली कबाम या मोबाइल गेमच्या कंपनीने १५ वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले. तो करार २०१६ मध्येच संपला. २०२१ साली एफटीएक्स हा आभासी चलनांचा बाजार आला, १० वर्षांसाठी १ कोटी ७५ लाख देतो म्हणाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. युद्धात गेलेल्या मुलांच्या स्मारकावर ती पाटी लागली होती, हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

२०३२ पर्यंत फक्त व्याज भरायचं आहे, वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. मुद्दल त्यानंतर. शेवटचा हप्ता २११३ साली. हा बोजा क्रीडा विभागाला झेपेना, म्हणून कुलगुरू कॅरोल क्राइस्ट यांच्या काळात त्याचा मोठा हिस्सा विद्यापीठाच्या मध्यवर्ती हिशोबात घेतला गेला. म्हणजे ज्यांनी कधी सामना पाहिला नाही, त्या विभागांच्याही पैशावर त्याचा भार आला.

इंजिनियरांनी जमिनीला सहा फूट सरकायला जागा ठेवली होती. पैशाचा अंदाज करणाऱ्यांनी स्वतःच्या अंदाजाला इंचभरही जागा ठेवली नाही. या प्रकरणाच्या अभ्यासात मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. वाळूचा थर कर्जाखालीही घालता आला असता : हक्काचे पैसे हातात आल्याशिवाय दुसरा टप्पा सुरू न करणं, किंवा ओकलंडच्या मैदानावर सामने नेऊन इथे फक्त पूर्वेचा भाग आणि जुनी भिंत स्मारक म्हणून राखणं. दुसरा पर्याय बोलला गेला, पण १९८२ पाहिलेल्या माणसांपुढे तो टिकणं शक्य नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, फ्रीमाँट ते बर्कली या पट्ट्यात, आज कितीतरी मराठी घरं आहेत. त्यांनी एक जागा जरूर पाहावी. फ्रीमाँटच्या बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनजवळ टायसन्स लगून म्हणून एक तळं आहे, फॉल्टमुळेच तयार झालेलं. त्याच्या काठाला चर खणून शास्त्रज्ञांनी गाळाचे थर वाचले आणि सुमारे १,९०० वर्षांतले बारा मोठे भूकंप मोजले. अलीकडच्या पाचांमधलं सरासरी अंतर १४० वर्षं. शेवटचा १८६८चा. त्यात १४० मिळवले की २००८ येतं, बर्कलीची झाडं पडली ते वर्ष. सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे, पण २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत हेवर्ड आणि त्याला जोडलेल्या रॉजर्स क्रीक फॉल्टवर ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ३३ टक्के धरली आहे. मुद्दलाचा पहिला हप्ता त्याच तीस वर्षांत येतो.

समजा, काहीच मोठं झालं नाही. तरी कर्ज फिटेपर्यंत, वर्षाला चार-पाच मिलिमीटर या चालीने, स्टेडियमची पश्चिम बाजू आणखी पस्तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर उत्तरेला गेलेली असेल. चिकटूंची टेकडी आहे पूर्वेला. तिथे आजही शनिवारी लोक सामना फुकट बघतात. समोर, पश्चिमेला, सव्वादोन लाखांच्या खुर्च्या आहेत, आणि मधून ती भेग जाते.